सायंकाळी ठीक 6 वाजता

माझं अक्षर चांगलं आहे, हा काही माझा गुन्हा नाही. पण शिक्षा भोगतोय.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाबाहेर फळा आहे, त्यावर मी रोज काहीबाही लिहितो. ‘डीएपी खत आलेलं नाही. विचारू नये.’ ‘उधारी बंद. पाहुण्यांनासुद्धा.’ एका सकाळी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे अण्णा, दुकानासमोर स्कूटर उभी करून हा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. मग आत येऊन म्हणाले, “तुमच्यासारखी साहित्यिक माणसं आम्हाला पाहिजेत.” मी तेव्हा तुरीच्या बियाण्याच्या पिशव्या मोजत होतो. हो म्हणून गेलो. मोजणी चालू असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

तेव्हापासून वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर ‘आगामी कार्यक्रम’ लिहिणं माझ्याकडं आलं. मला वाटलं, महिन्यातून चार ओळी, काय मोठंसं. पण आमच्याकडं असं आहे की जो फळा लिहितो त्यानंच पाहुणा ठरवायचा, माईक आणायचा, सतरंजी झटकायची आणि शेवटी अण्णांनी त्यालाच विचारायचं, “लोक कामून आले नाहीत हो?”

गाव तालुक्याचं, परभणी जिल्ह्यातलं. वाचनालय निजामाच्या वेळचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे आणि अ, ब, क, ड या चार वर्गांतला आमचा वर्ग ‘ब’. वर्गाप्रमाणं अनुदान. तपासणीला साहेब आले की पुस्तकं बघतात, दाखलनोंद बघतात आणि मग म्हणतात, “कार्यक्रमांचे फोटो दाखवा.” आता एखादा माणूस कोपऱ्यात बसून तीन तास कादंबरी वाचतो, त्याचा काय फोटो काढणार? झोपल्यासारखाच दिसतो. सभेचा मात्र फोटो निघतो. म्हणून सभा.

भिंतीवर डॉ. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं रंगवलेली आहेत. 1931 साली त्यांनी ती पुस्तकरूपात मांडली. त्यातलं चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’. त्याच भिंतीला टेकून अण्णा प्रास्ताविक करतात.

दुसरी अडचण तारखांची. वाचायचे दिवस ज्यांनी ठरवले त्यांनी शेतकऱ्याला विचारलेलं दिसत नाही. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, त्याच रंगनाथन यांच्या नावानं. तेव्हा कपाशीवर मावा पडलेला असतो आणि माझं अर्धं गिऱ्हाईक पाठीवर पंप घेऊन रानात. 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. त्या आठवड्यात सोयाबीन काढून पडलेलं, वर ढग आलेले, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, मिळावा म्हणून लोक रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या वावरात जाऊन बसलेले. त्यांना मी फोन करतो, “काका, संध्याकाळी प्रेरणा घ्यायला या.” काका जे बोलतात ते फळ्यावर लिहिता येत नाही. 14 ते 20 नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, तेव्हा कापसाची वेचणी. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, आणि इकडं हरभरा काढणीला आलेला. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. तेव्हा रानात काही नसतं, पण लग्नं असतात, ऊन असतं आणि नळ असतो. नळाचं पुढं सांगतो.

आमच्याकडं फ्लेक्स एकच आहे. वर वाचनालयाचं नाव, खाली ‘आपले सहर्ष स्वागत’ आणि मधे मोकळी पांढरी जागा. कार्यक्रमाचं नाव मी पट्टीवर लिहायचं आणि सेवक मामांनी ती पट्टी त्या जागेवर डिंकानं चिकटवायची. दर वेळी नवा फ्लेक्स छापायला नको, ही अण्णांची युक्ती. जुनी पट्टी काढायची असते हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं पट्टीवर पट्टी बसत गेली आणि फ्लेक्स मधे फुगत गेला. गेल्या वाचन प्रेरणा दिनाला वक्ते अगदी रंगात आले होते. पंखा पाचवर. वरच्या चारदोन पट्ट्या एकदम सुटल्या आणि खालून माझ्याच वळणदार अक्षरात निघालं, ‘भव्य हळदी-कुंकू व वाण वाटप’. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. समोर अकरा पुरुष, त्यातले सात टोपीवाले, चेहरे गंभीर. तो फोटो नोंदवहीत डकवलेला आहे. तपासणीच्या साहेबांनी तो बराच वेळ बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. समजूतदार माणूस.

हळदी-कुंकवावरून आठवलं, आमचा गर्दीचा कार्यक्रम तो एकच. संक्रांत ते रथसप्तमी यांच्या मधे घेतो. एका वर्षी वाण म्हणून पुस्तकं वाटली. बायांनी घेतली, पण उलटून-पालटून, आतून काही सांडतंय का असं बघत. एक मावशी म्हणाल्या, “पुस्तक चांगलंय बाबा, पण याला झाकण असतं तर बरं झालं असतं.”

बाकी कार्यक्रमांना हक्काचे श्रोते म्हणजे वरच्या अभ्यासिकेतली लेकरं. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. माणसं कमी पडली की मी वर जाऊन हात जोडतो. येतात बिचारी, पण उघडं पुस्तक हातात घेऊनच येतात आणि भाषण चालू असताना खाली बघून चालू घडामोडी पाठ करतात. व्यासपीठावरून बघितलं तर वाटतं, काय तल्लीन होऊन माना डोलावताहेत! भाषण संपल्यावर ‘कुणाला काही प्रश्न?’ म्हटलं की हात वर होतो. प्रश्न ठरलेला. “सर, हे पेपरला येतंय का?”

तर मुद्दा यंदाच्या 23 एप्रिलचा. मी मनाशी ठरवलं होतं की या वेळी सभागृह भरून दाखवायचं. नांदेडहून एक प्राध्यापक बोलावले, विषय ‘मराठवाड्याची बोली’. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, ‘सायंकाळी ठीक 6 वाजता’. ‘ठीक’ला खालून दोन रेघा. मग माणसं. दुकानात येईल त्याला सांगत गेलो, “यंदा कपाशीचं कोणतं बियाणं येणार, ते आत्ता नाही सांगत. 23 तारखेला वाचनालयात या, कार्यक्रम झाला की बोलू.” ही फसवणूक आहे हे मला मान्य आहे. पण साहित्यासाठी लोकांनी तुरुंग भोगले आहेत, मी तर नुसतं बियाणं लपवलं. बायकोला म्हणालो, तुमची भिशी त्या दिवशी वाचनालयातच करा. ती बायांना म्हणाली, “या गं, ह्यांचा काहीतरी कार्यक्रम आहे. ऐकायचं काई बंधन नाही, पंखे आहेत तिथं.”

सहाला मी, मामा आणि माईकवाला. माईकवाला चाळीस मिनिटं ‘हॅलो, हॅलो, चेक’ एवढंच बोलला आणि खरं सांगायचं तर त्या फळ्यावरच्या वेळेला तेवढा एकच कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. पाहुण्यांची गाडी लेट. पण माणसं येऊ लागली. सातला मी दारात उभा राहून मोजलं, बावन्न. पुन्हा मोजलं, त्रेपन्न. एक जण चप्पल ठेवायला बाहेर गेला होता. घशात आवंढा आला. ग्रंथपाल माझ्या कानात म्हणाले, “खुर्च्या कमी पडायल्या.” आमच्या वाचनालयात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

सव्वासातला पाहुणे आले. शाल, नारळ. (नारळ वर्षापूर्वीचा आहे. पाहुणे तो विसरून जातात, तो आम्ही जपून ठेवतो.) आणि अण्णा प्रास्ताविकाला उठले.

अण्णांचं प्रास्ताविक निजामापासून सुरू होतं. विषय कोणताही असो. हळदी-कुंकवालासुद्धा निजामापासूनच झालं होतं. “त्या काळी उर्दूतून शिकावं लागे. मराठी वाचनालय चालवणं म्हणजे पोलिसांची नजर. जाहीर सभेला आधी परवानगी. का? तर गश्ती निशाण 53!” म्हणजे निजाम सरकारचं त्या नंबरचं परिपत्रक. इथं अण्णा त्रेपन्न हा आकडा बोटांनी दाखवायचा प्रयत्न करतात आणि त्यात थोडा वेळ जातो. योगायोगानं त्या दिवशी समोर माणसंही त्रेपन्नच होती. मला वाटून गेलं, तेव्हा यांना माणसं मिळत होती, परवानगी मिळत नव्हती. मला परवानगी कुणी विचारतसुद्धा नाही. तेवढ्यात दारात एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं आलं, उघडंबंब, चड्डीवर. छातीत हवा भरून ओरडलं,

“आईऽ, नळ आला!”

आमच्या गावात नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं. कधी बाराव्या. किती वाजता येईल ते पाणी सोडणाऱ्यालाही त्या दिवशीच कळत असावं. आलं की पाऊण तास, फार तर तास. हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सगळी भिशी एका झटक्यात उठली. माझी बायको सगळ्यात पुढं. माझ्याकडं न बघता म्हणाली, “मोटारीची पिन कुठं ठेवलाव?” मग पुरुष उठले. अभ्यासिकेतली लेकरं खोल्या करून राहतात, त्यांना कोण भरून देणार? तीही पळाली. माईकवाला म्हणाला, “दादा, वायरीला हात लावू नका, आलोच.” ग्रंथपाल शेजारच्याच गल्लीत राहतात. शेवटी अण्णा. त्यांचं 1938 चालू होतं. त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, “उर्वरित भाग नंतर,” आणि स्कूटरला किक मारली. हैदराबाद संस्थान मुक्त व्हायला अजून दहा वर्षं होती, सभागृह आधीच मुक्त झालं.

उरलो आम्ही तिघं. मी, पाहुणे आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही. ते अजून टाळ्या वाजवत होते.

मी पाहुण्यांची क्षमा मागायला तोंड उघडलं. ते शाल घडी करत म्हणाले, “तुमचं भरलंय का?” मी म्हणालो, नाही, पण. म्हणाले, “मग इथं कामून उभं राहिलाव? चला.” माणूस आमच्यातलाच निघाला.

पुढचा पाऊण तास नांदेडचे प्राध्यापक माझ्या अंगणात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरून उभे होते. हौद भरला, टाकी भरली, दोन टिपाडं भरली, हंडे, कळश्या, बादल्या, कुकर, शेवटी चहाचं पातेलं. पाणी गेलं तसं पाइपातून नुसतं फुर्र झालं, आणि गल्लीत एकदम शांतता झाली. ही शांतता ज्यानं ऐकली त्यालाच माहीत. तेवढ्यात शेजारच्या काकू डोक्यावर घागर घेऊन गेल्या. पाहुण्यांनी विचारलं, “मावशी, डोक्यावर घागरीखाली ठेवलंय, त्याला काय म्हणता?”

“चुंबळ. कामून, तुमच्याकडं काय म्हणतेत?”

तिथून जे सुरू झालं. काकूंची सासू ओट्यावरून म्हणाली, चुंबळ चिंधीची वेगळी, काथ्याची वेगळी. कुणी आडाचं काढलं. आड आला की रहाट आला, रहाट आला की पोहरा, पोहऱ्याला चऱ्हाट. अण्णा ओल्या धोतरानं आले आणि मोटेचं सांगू लागले, पहिल्यांदाच निजामाला सोडून. टिपाड म्हणायचं की ड्रम, यावरून भिशीत दोन तट पडले. टिपाड पत्र्याचं आणि ड्रम प्लास्टिकचा, असा तोडगा बायकोनं काढला, तो पाहुण्यांनी वहीत लिहून घेतला. वही ओली होती. लोक ओट्यांवर, पायऱ्यांवर, पालथ्या बादल्यांवर बसलेले. मी सवयीनं मोजायला लागलो, साठाच्या पुढं मोजणी सोडली. वरच्या लेकरांपैकी एकानं हात वर केला. म्हटलं, आलं पेपरचं. तो म्हणाला, “सर, आमच्या आजीकडं असले लई शब्द हायेत. आणू का आजीला?”

फोटो एकही नाही. फोटोवाला त्याच्या घरी पाणी भरत होता.

साडेदहाच्या गाडीला पाहुण्यांना सोडून आलो तर दारात चार शेतकरी उभे. “कार्यक्रम झाला न? मग बोला आता बियाण्याचं.” अकरा वाजता दुकानाचं शटर उघडलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी नोंदवही पुढं केली. ‘स्थळ’ या रकान्यात मी ‘वाचनालयाचे सभागृह’ लिहिलं, खोडलं, ‘परिसर’ लिहिलं. उपस्थिती साठ. ‘शेरा’ या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून ‘ओला’ लिहिलं आणि तेही खोडलं.

मग फळा पुसायला घेतला. पाहुणे पुन्हा येणार आहेत, उरलेले शब्द घ्यायला, आणि मुलाची आजीपण येणार आहे. ‘आगामी कार्यक्रम’ लिहिलं, विषय लिहिला. ‘वेळ’ला आलो आणि खडू थांबला. सवयीनं ‘सायंकाळी ठीक’ लिहून झालं होतं. ते पुसलं आणि लिहिलं, ‘वेळ : नळ गेल्यावर’.

संध्याकाळी दुकान बंद करून तिकडून आलो तेव्हा खाली कुणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात खडूनं विचारलं होतं, ‘कोणत्या गल्लीचा?’