फासळ्यांचा अध्यक्ष

ठाण्यातल्या कारवान हाउंड पाळणाऱ्यांच्या मंडळाचा मी अध्यक्ष आहे. निवडीचं कारण एवढंच, की आमच्या घरी चालू स्थितीतला प्रिंटर आहे. ही माहिती स्थापनेच्या सभेत आमच्या सौभाग्यवतींनी पुरवली. लगेच टाळ्या पडल्या, नारळ आला, विषय संपला.

कारवान म्हणजे आपल्या दख्खनचं शिकारी कुत्रं. तोंड लांबुडकं, पाय उंच, खांद्यापाशी उंची सव्वादोन फूट, पोट पार पाठीला टेकलेलं. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं. लांबवर काही हललं, की हे सुटलंच. असं कुत्रं धडधाकट असलं, की त्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात. दिसायलाच हव्यात. नाही दिसल्या तर डॉक्टर रागावतात.

हे मला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे. घोडबंदर रोडला ठाऊक नाही.

"अहो, याला खायला घालता ना?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना आणि एकदा तर मयताला गेलो असताना विचारला गेला आहे. आमच्या बाजीला रोज काय मिळतं ते मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. दूध-भाकरी, अंडी, उकडलेलं चिकन, दही. ऐकणारा मान डोलावतो, फासळ्यांकडे बघतो आणि माझ्या पोटाकडे बघतो. चिकन नक्की कुठे जातं, याचा हिशेब त्याने मनात केलेला असतो.

सातव्या मजल्यावरच्या काकू तर रोज पोळीला तूप लावून आणतात. आता या जातीचा एक स्वभाव आहे. परक्या माणसाने अंगाला हात लावलेला यांना खपत नाही. त्यामुळे बाजी मान शक्य तितकी लांब करतो, काकूंच्या बोटांना ओठही न लावता पोळी अलगद ओढून घेतो आणि झटकन माझ्या पायांमागे जाऊन उभा राहतो. तिथून एक डोळा बाहेर. "किती भेदरलंय हो!" काकू म्हणतात. म्हणजे मी कुत्र्याला उपाशी ठेवतो, शिवाय मारतोही. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'मुक्या प्राण्याची हेळसांड' हा विषय पार्किंगच्याही आधी निघाला, यावरून प्रकरण कुठवर गेलं ते कळावं. त्यातच कुणीतरी कुत्र्यांना लिफ्टबंदीचा ठराव मांडला. सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, हे केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच परिपत्रक काढून सांगितलेलं आहे. त्याच्या प्रती मी घरोघरी वाटल्या. प्रिंटर असतो तो यासाठी.

आता मंडळातल्यांनी तरी एकमेकांना धरून राहावं की नाही? पण तिथे दोन पक्ष. एक म्हणतो कारवान, दुसरा म्हणतो मुधोळ. कुत्रं तेच. एका केनेल क्लबच्या दप्तरात ते कारवान आहे, दुसऱ्याच्या दप्तरात मुधोळ, त्यामुळे दोघांकडेही पुरावे आहेत, आणि मराठी माणसाकडे पुरावा आला की संपलंच. मुधोळवाले २००५ सालचं टपाल तिकीट रोज सकाळी ग्रुपवर टाकतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली होती, तो किस्सा दुपारी. कारवानवाले अंगठा खाली दाखवून ग्रुप सोडतात आणि जेवण झाल्यावर परत येतात. लेटरहेडवर त्यामुळे अजून नुसतं कुत्र्याचं चित्र आहे. याखेरीज एकाकडे पश्मी आहे, म्हणजे कानांवर आणि शेपटीला लांब केसांची झालर असलेलं कुत्रं. त्याला स्वतंत्र उपसमिती हवी होती. दिली. तिच्यात तो एकटाच आहे, तरी गणसंख्येअभावी बैठक तहकूब होते.

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळ हाउंडचं नाव घेतलं आणि माझा फोन गरम झाला. "वन बीएचके आहे, राखणीला पाहिजे." घर राखेल का, ते मी सांगू शकत नाही. सोफा मात्र राखेल. पाच मिनिटं जीव तोडून पळायचं आणि उरलेला दिवस लोळायचं, असा यांचा दिनक्रम. "मग नको," म्हणून लोक फोन ठेवतात. अशा वेळी मंडळ कसं वाढणार, असा जाब खजिनदार मलाच विचारतात.

मेळाव्यासाठी कोलशेतच्या बाजूला एक मैदान घेतलं. "कुंपण आहे ना?" मी खजिनदारांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं. होतं. तीन बाजूंना.

प्रमुख पाहुणे एक माजी नगरसेवक. आल्या आल्या त्यांनी "काय रे मोत्या!" म्हणत बाजीच्या डोक्यावर हात ठेवायला घेतला. बाजी असा काही मागे सरला, की पट्ट्यातून त्याची मान अलगद बाहेर आली. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा यांना थांबवत नाही. तेवढ्यात वारा सुटला आणि मैदानाच्या त्या टोकाला कचऱ्याची एक काळी पिशवी टुणकन उडाली.

सशाची शिकार कायद्याने बंद आहे. पिशवीची नाही.

बाजी गेला. त्याला बघून बाकीची सुटली. पिशवी वर, कुत्री खाली, आणि मागे आम्ही सगळे पदाधिकारी, छातीवर बिल्ले, हातात रिकामे पट्टे. सचिव "बाजीऽ", मी "राणीऽ", जो तो दुसऱ्याच्याच कुत्र्याला हाक मारत होता. खजिनदारांनी स्कूटर काढली. मुधोळवाले आणि कारवानवाले तेवढ्यापुरते एका दिशेने धावले, ही मंडळाच्या इतिहासातली एकमेव एकजूट. उपसमिती विरुद्ध दिशेला, पश्मीमागे.

सगळ्या धावपळीत बसलेले असे एकच गृहस्थ. आमच्या एका सभासदाचे वडील, जतहून आलेले. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेले वडापाव त्यांनी पुढ्यात ओढले होते.

"आजोबा, शीळ-बीळ घाला ना काहीतरी!" मी धापा टाकत म्हणालो.

"कशाला? दमलं की येतंय." त्यांनी दुसरा वडा उचलला. "आमच्याकडं घरटी एक पडलेलं आसतंय असलं. तुमी ह्यास्नी मंडळ कशापायी काढलंय? काय रोग पडलाय का?"

दुर्मिळ जातींचं जतन, देशी वाण, वारसा असं मी सांगायला लागलो.

"हां," ते म्हणाले. "मग जतला या की. चटणी हाय का आजून?"

बाजी खरंच आला. पिशवीची चिंधी तोंडात, जीभ बाहेर, आणि येऊन थेट आजोबांच्या चपलांवर आडवा झाला. बाकीची एकेक करून आली. माणसांना यायला जास्त वेळ लागला. सचिवांची पोटरी धरली होती.

भाषणाला उठलेल्या माजी नगरसेवकांनी समोर पसरलेली ती कुत्री बघितली. धापांनी फासळ्या नुसत्या वरखाली होत होत्या. त्यांचा गळा दाटून आला. "या उपासमारीने खंगलेल्या जिवांना आधार देणारं हे मंडळ," ते म्हणाले, "आणि त्याचे अध्यक्ष, यांच्या पाठीशी मी उभा आहे." लगेच त्यांनी कुत्र्यांच्या बिस्किटांच्या पाच गोणी जाहीर केल्या.

सगळ्यात जोरात टाळी मागच्या रांगेतून आली. सातव्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन आल्या होत्या.