कान्होजींनी फर्मान फाडलं नव्हतं

दर शिवजयंतीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता येऊन पडतो. वर स्वारगेटच्या चौकाचा फोटो, खाली: "कान्होजी जेधे, महाराजांचे बालमित्र. बादशहाचं फर्मान आलं तेव्हा त्यांनी ते टराटरा फाडलं आणि वतनावर कायमचं पाणी सोडलं. पुण्यातला जेधे चौक त्यांचाच." यातला पाण्याचा भाग तेवढा अर्धा खरा.

चौकाचं आधी उरकतो. तो केशवराव जेध्यांच्या नावाचा, ब्राह्मणेतर चळवळीतले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले केशवराव. पाटीवर लिहिलंय, सिग्नलला थांबल्यावर वाचता येतं.

बालमित्र? कान्होजी शहाजीराजांच्या पिढीतले, भोरकडच्या रोहिडखोऱ्याचे देशमुख, मुक्काम कारी. 1648 मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. पुढच्या वर्षी सुटका झाल्यावर राजांनीच त्यांना मावळात मुलाकडे पाठवलं. म्हणजे महाराजांकडे आला तो खेळगडी नव्हे, वडिलांनी धाडलेला मुरलेला सरदार. (महाराजांची 1630 ची जन्मतिथी ठरवायला ज्या जेधे शकावलीचा, म्हणजे सालवार घटनांच्या जुन्या टिपणाचा, मोठा आधार झाला, ती याच घराण्याची. टिळकांनी ती 1916 मध्ये प्रसिद्ध केली. ग्रुपवरची जयंतीची तारीखसुद्धा जेध्यांच्या दप्तराची ऋणी आहे.)

आता फर्मान. ते 16 जून 1659 चं, आदिलशाहीचं. अफजलखानाला सामील व्हा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका, असा त्याचा रोख. कान्होजींनी ते फाडलं नाही. पाच मुलं बरोबर घेतली, कागद घेतला आणि महाराजांपुढे ठेवला. फाडण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. फाडायला क्षणाचा संताप पुरतो. इथे शत्रूनं आपल्याला काय लिहिलंय ते धन्याच्या हाती द्यायचं, आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडायचा. जेधे करीन्यानुसार, म्हणजे घराण्याच्या जुन्या हकिकतीनुसार, महाराजांनी त्यांना चुचकारलं नाही, उलट वतनाची भीती स्पष्ट घातली: खोपडे खानाकडे गेले, तुम्ही इथे राहिलात तर वतन जाईल. त्यावर कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं. मग कबिला तळेगावला हलवण्याचं ठरलं. शपथेइतकीच बायकामुलांची सोय महत्त्वाची, हे दोघांनाही कळत होतं.

'कायमचं' हा शब्द मात्र फॉरवर्डवाल्याचा. जेध्यांची देशमुखी पुढेही चालली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर कान्होजींना तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे दरबारातला पहिला, मान मिळाला, आणि पावनखिंडीनंतर तो तिथे लढलेल्या बांदलांकडे गेला. जेध्यांनी तो सोडला, याचं मला फर्मानापेक्षाही जास्त कौतुक वाटतं. मावळात मानपानावरून पिढ्यानपिढ्या डोकी फुटत.

खानाकडे गेलेले ते खोपडे म्हणजे उत्रवळीचे खंडोजी, त्याच रोहिडखोऱ्यातले. एकाच खोऱ्यातली दोन देशमुख घराणी, एक इकडे आणि एक तिकडे. जुनी वतनाची चुरस याच्या मुळाशी असावी, हा माझा तर्क, पुरावा नव्हे. पुढे खान मारला गेल्यावर खंडोजी लपून राहिले तेव्हा जावई हैबतराव शिळीमकरांनी रदबदलीसाठी कान्होजींनाच गाठलं. कान्होजींनी शब्द टाकला, महाराजांनी जीव राखला, पण उजवा हात आणि डावा पाय तोडला. कान्होजी नाराज झाले, असं परंपरा सांगते. ग्रुपवरच्या मजकुरात या नाराजीला जागा नाही, कारण तिथले कान्होजी फक्त मान डोलावतात.

घराण्याची निष्ठा रक्तातून उतरते म्हणावं, तर तेही नाही. संभाजी महाराजांच्या काळात जेध्यांपैकी काही मोगलांकडे वळले, आणि सर्जेराव जेध्यांना महाराजांचं खरमरीत पत्र गेलं.

बाकी ज्यांना फोटोच हवाय त्यांनी भोरमार्गे आंबवड्याला जावं. कान्होजींची समाधी तिथे आहे, जिवा महालांचीही. स्वारगेटहून भोरची एसटी मिळते, आणि बस सुटते ती जेधे चौकाजवळूनच.