दह्यावर कशाला खापर?

लेखात दूध-दह्याने अंगात सूज वाढते असं सरळ ठोकून दिलंय, ते काही पटलं नाही बुवा. अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांवर झालेल्या बहुतेक अभ्यासांत दुधाने सीआरपी (रक्तातला सुजेचा निर्देशक) वगैरे वाढलेलं दिसत नाही, उलट कधी थोडं कमीच. आमच्या आईने असंच व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून दोन वर्षं दही-ताक सगळं बंद केलं, गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले आणि मग डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, आला उणे २.६, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिसच, म्हणजे हाडं ठिसूळ. (दही सोडल्यानेच झालं असं नाही म्हणत, वयही ६८ आहे.) आता रोज वाटीभर दही, नाचणीची भाकरी आणि डॉक्टरांना विचारून आमच्या परळच्या चाळीचे तीन जिने दिवसातून दोनदा, कठडा धरून, मधल्या मजल्यावर गप्पांचा हॉल्ट असतोच. हाडांवर भार पडायला हवा हो, नुसतं कॅल्शियम गिळून काय होणार? पोहणं हृदयाला छान, पण पाण्यात हाडांवर वजन फारसं येत नाही, हे लेखात यायला हवं होतं. आणि उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाचं तर नावच नाही, मुंबईत एवढं ऊन पण आपण दिवसभर लोकलमध्ये नाहीतर एसीत.