दोन पूर्णांक तीन शतांश

आमच्या चिरंजीवांनी आठवीनंतर शाळा सोडून घरीच शिकायचे ठरवले आणि आम्ही उभयतांनी, बऱ्याच रात्रींची झोप घालवून, त्याला होकार दिला, तेव्हा ही बातमी ज्याला ज्याला कळली त्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "आणि गणिताचं काय?" भूगोलाचे काय, असे कोणीही विचारले नाही. इतिहास तर मूल अंगणात खेळता खेळता आपोआप शिकते, असाच सर्वांचा समज दिसला. नणंदेने विचारले, वाण्याने विचारले, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी लाटणे हवेत थांबवून विचारले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून दहावीत भूमितीने मला कसेबसे काठावर सोडले होते, ही गोष्ट माहेर आणि सासर अशा दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक असल्यामुळे या प्रश्नाचा रोख मुलाकडे नसून माझ्याकडे आहे, हे ओळखायला गणित लागत नव्हते.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या बालकांपुरता आहे. आमचे बालक नुकतेच १४ ओलांडून बसले होते; म्हणजे ज्या वयापुढे कायदासुद्धा हात टेकतो, नेमका त्याच वयाला मी हात घातला होता.

कोणत्याही संकटात मी प्रथम तक्ता करते. उभ्या रकान्यांत गणिताचे निरनिराळे अभ्यासक्रम, आडव्या ओळींत त्यांचे गुणदोष, आणि शेवटी एकूण गुण, असा तो तक्ता जूनमध्ये सुरू झाला आणि श्रावण संपला तरी संपला नाही. बालभारतीची दोन पुस्तके आधी घरात आली. भाग पहिला बीजगणित, भाग दुसरा भूमिती, दोघांना परीक्षेत ४०-४० गुण आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. अंतर्गत मूल्यमापन आमच्या घरात चोवीस तास चालूच असते, त्यामुळे त्या २० गुणांची मला काळजी वाटली नाही. मग एनसीईआरटीचे दहावीचे पुस्तक आले, एकाच जिल्दीत १४ प्रकरणे. सिंगापूरच्या पद्धतीची पुस्तके एका मैत्रिणीने दिली, त्यांत शाब्दिक उदाहरणे पट्ट्यांची चित्रे काढून सोडवतात. त्या पट्ट्या मला इतक्या आवडल्या की मी महिन्याच्या वाणसामानाचा हिशेबही पट्ट्या काढून मांडला, मात्र ती पुस्तके पाचवीची निघाली. एक अमेरिकन पुस्तक होते. त्यातील पहिल्याच उदाहरणावर आम्ही नवरा-बायको एक अख्खा रविवार खर्ची घातला आणि संध्याकाळी एकमेकांशी न बोलता भाजी आणायला गेलो. केंब्रिजच्या परीक्षेचे शुल्क वाचल्यावर तो रकाना मी तक्त्यातून आदरपूर्वक काढून टाकला.

माझे सासरे या सर्व काळात खाटेवर बसून हा सोहळा पाहत होते. ते पोस्टातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना पावकी, निमकी, पाऊणकीपासून थेट औटकीपर्यंतचे पाढे अजून पाठ आहेत. औट म्हणजे साडेतीन, हे मला लग्नानंतर कळले. बाराशे रुपयांच्या साडेतीन पट किती, हे मी मोबाइलवर शोधेपर्यंत "बारा औट बेचाळीस, बेचाळीसशे" असे उत्तर खाटेवरून येते आणि त्यामागोमाग एक बारीकसा खोकलाही येतो. मुलगा सेमी-इंग्रजीत शिकल्यामुळे त्याचा एलसीएम आणि आजोबांचा लसावि हे एकाच माणसाचे घरचे आणि कागदावरचे नाव आहे, हे दोघांना पटवून देण्यात माझा एक आठवडा गेला. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' असे वाचन आल्याचे कळले तेव्हापासून सासऱ्यांचा कोणत्याच पाठ्यपुस्तकावर विश्वास उरलेला नाही, त्यामुळे माझ्या तक्त्यातील प्रत्येक रकान्याला त्यांच्याकडून सारखेच, म्हणजे शून्य गुण मिळत होते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जून ते श्रावण या काळात आमच्या घरात गणिताचे नऊ संच आले आणि उदाहरण एकही सुटले नाही. (रविवारचे ते अमेरिकन उदाहरण धरू नये. ते अजून सुटलेले नाही.)

अखेर तक्त्याने कौल दिला तो मुक्त विद्यालयाच्या बाजूने. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था १९८९ साली स्थापन झाली; दहावीच्या परीक्षेसाठी तिला मूल १४ वर्षांचे झालेले चालते, एकदा नोंदणी केली की ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि एकेक विषय सवडीने देता येतो. मी मोठ्या उत्साहाने तिची माहितीपुस्तिका छापून चिरंजीवांच्या हाती दिली आणि ती त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. स्वतःहून पूर्ण वाचलेला हा त्यांच्या आयुष्यातील पहिला सरकारी दस्तऐवज असावा. वाचून झाल्यावर ते अत्यंत शांतपणे म्हणाले, "आई, पाच विषय घ्यायचे, त्यातली एक भाषा हवी. बाकी काही सक्तीचं नाही. गणितही नाही."

मी पुस्तिका ओढून घेतली. ते खरे होते.

"चित्रकला आहे," ते पुढे म्हणाले, "आणि गृहविज्ञानही आहे. मी गृहविज्ञान घेतो."

गृहविज्ञान घ्यायचे असेल तर प्रात्यक्षिक म्हणून ओट्याजवळची भांडी आताच घासायला घे, असे मी म्हणाले, आणि त्यावर त्यांनी विषय बदलला. तथापि अर्जातील गणिताची चौकट रिकामी राहिली ती राहिलीच. अडीच महिने मी ज्या विषयाचे पुस्तक शोधत होते, तो विषय घेण्याचीच मुलाला गरज नव्हती. मुलीसाठी खंडीभर स्थळे पाहून झाल्यावर मुलीने 'मला लग्नच करायचं नाही' म्हणावे, तशी माझी अवस्था झाली.

आता सक्ती संपली म्हटल्यावर गोडी लावण्याखेरीज उपाय नव्हता. या वयाच्या मुलांना सर्जनशील पद्धतीने शिकू द्यावे, असे मी बरेच वाचले होते. सर्जनशीलतेला प्रोत्साहन द्यावे, असेही वाचले होते. माझ्या अनुभवाने सांगते, पहिली गोष्ट मुले आपली आपण करतात आणि दुसरी गोष्ट केली की पहिली तिथल्या तिथे थांबते.

कापरेकरांचेच घ्या. द. रा. कापरेकर मूळचे डहाणूचे, देवळालीच्या शाळेत शिक्षक. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ हाती येते आणि तेथून हलत नाही. ही गोष्ट मी सहज, भाजी निवडता निवडता सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी कर्वे रस्त्याच्या सिग्नलला माझ्यामागे स्कूटरवर बसलेले चिरंजीव पुढच्या मोटारीची पाटी वाचून पुटपुटताना मला ऐकू आले. "३५२४. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८... आला! तिसऱ्यातच आला!" पुण्याच्या वाहतुकीत गणिताला वेळ कमी पडत नाही. चार दिवस हे चालले. सर्वांत जास्त फेऱ्या घेणारी पाटी शोधण्याची पैज त्याने मित्राशी लावली. पाचव्या दिवशी मला राहवले नाही. मी एक नवी कोरी वही आणली, तिच्यावर 'माझे संशोधन' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आत रकाने आखले आणि म्हटले, "अरे, हे सगळं यात नोंदवत जा, छान प्रकल्प होईल." त्या दिवसापासून त्याने पाट्या वाचणे बंद केले. ती वही सध्या दुधाच्या हिशेबाला आहे.

मग मी आणखी मागे, थेट भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'पर्यंत गेले. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. पायथागोरसला असे मराठी मातीचे वळण दिले की मुलगा हरखून जाईल, अशी माझी कल्पना. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "उभा असताना ३२ हात कोणी मोजला? आणि ज्याने तेव्हा मोजला, त्याला मोडल्यावर आडवा झालेला मोजता येत नव्हता?" खाटेवरून खोकला आला. या खेपेस तो नातवाच्या बाजूने होता.

यजमानांनी मला एकांतात सांगितले, "तू थोडे दिवस काही म्हणजे काहीच बोलू नकोस." मला ते लागले, पण मी ऐकले.

आश्विन लागला तसा आजोबा-नातवाने घरी आकाशकंदील करण्याचा घाट घातला. बुरुडाकडून कामट्या आल्या, त्या १२-१२ इंचांच्या कापल्या गेल्या. चार कामट्यांचा एक असे सहा चौकोन बांधायचे. त्यांतले चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून एकमेकांच्या कोपऱ्यांना दोऱ्याने जखडायचे, मग वरचा आणि खालचा चौकोन त्यांच्या टोकांना बांधायचा, की मधल्या मोकळ्या जागांत आपोआप आठ समभुज त्रिकोण तयार होतात. सुटा चौकोन हातात लुळा पडतो, जरा दाबला की चपटा होतो. पण सहाही बांधून झाले की त्या लुळ्या चौकोनांचाच एक गोलसर सांगाडा तयार होतो. हे कसे झाले म्हणून चिरंजीव बराच वेळ तो उलटसुलट फिरवत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. मी मनात मोजले: शिरोबिंदू १२, पृष्ठे १४, कडा २४. बारा आणि चौदा सव्वीस, वजा चोवीस, दोन! अशा आकारांना उत्तर नेहमी दोनच, हे गणितज्ञ ऑयलरचे सूत्र, माझ्या घरात, सुतळीने बांधलेले! अडीच महिन्यांच्या वाचनातून मला एवढे एकच सूत्र पाठ झाले होते आणि ते माझ्या तोंडून निघून गेले.

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, सांगाडा खिडकीच्या कडीला टांगला आणि ते पाय मोकळे करायला गेले. चार दिवस तो सांगाडा वाऱ्यावर हलत राहिला आणि सासरे माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत राहिले.

पाचव्या दिवशी प्रश्न निघाला तो पतंगाच्या कागदाचा. दुकानातला कागद २० इंच बाय ३० इंच. तो किती आणायचा? मला कोणी विचारले नव्हते, पण हिशेब हा तर माझ्या पदवीचा विषय. दिव्यासाठी वरचा चौकोन मोकळा, म्हणून पाच चौकोनांचे ७२० चौरस इंच, आठ समभुज त्रिकोणांचे, वर्गमूळ तीन वगैरे करून, सुमारे ४९९, एकूण १२१९. एका कागदाचे क्षेत्रफळ ६००. मी विजयी मुद्रेने जाहीर केले, "दोन पूर्णांक तीन शतांश कागद."

"तीन शतांश सुटा देतात का दुकानात?" चिरंजीवांनी विचारले.

"पाच आणा," खाटेवरून आवाज आला.

"बाबा, पाच कसे? क्षेत्रफळ दोनच्या आसपास आहे."

"पाच."

यावर चिरंजीव उठले. त्यांनी रद्दीतले वर्तमानपत्र २० बाय ३० चे कापले, जमिनीवर पसरले आणि त्यावर खडूने चौकोन आखायला सुरुवात केली. एका कागदात दोनच चौकोन बसत होते. दोन चौकोन काढून ३१२ चौरस इंच, म्हणजे आणखी दोन चौकोनांहून अधिक जागा उरत होती आणि तीत एकसुद्धा चौकोन मावत नव्हता. त्रिकोणांची एक ओळ, चार त्रिकोणांची, सुरेख बसली. दुसरी ओळ जेमतेम पाऊण इंचासाठी कागदाबाहेर गेली. मग त्याने त्रिकोण तिरपे केले, उलटे केले, एका चौकोनाशेजारी दोन त्रिकोण घालून पाहिले, कातरून तुकडे सरकवले, पुन्हा मांडले. दोन तास ही मांडामांड चालली होती. हे सर्व कोणत्या शाखेत मोडते, ते मला ठाऊक होते आणि त्याचे इंग्रजी नावसुद्धा माझ्या जिभेवर आले होते. म्हणून मी बडीशेपेचा बकाणा भरला आणि तो संपेल तसा पुन्हा भरला. दीड वाटी बडीशेप संपली तेव्हा चिरंजीव खडूचे हात झटकत उभे राहिले.

"चिकटवायची कड धरली तर पाच," ते म्हणाले. "आणि आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"गेल्या खेपेस चार आणले होते."

कागद आणायला अर्थातच मला पिटाळण्यात आले. घरात आजोबा गव्हाच्या पिठाची खळ शिजवणार होते आणि नातू ती ढवळणार होता. दुकानदाराने पाच कागद मोजून ठेवले. त्यांच्या अगदी शेजारी दहावीच्या गणिताच्या अपेक्षित प्रश्नसंचांची चळत होती. मी एक उचलला, चाळला आणि ठेवला. आकाशकंदिलाचे एकही उदाहरण त्यात नव्हते. मी तो पुन्हा उचलला. "ताई, धरू का बिलात?" दुकानदाराने विचारले.

तो संच पतंगाच्या कागदांत गुंडाळला की बाहेरून अजिबात दिसत नाही. खळ निवते आहे, कात्री सापडली आहे आणि आतून दुसऱ्यांदा हाक आली आहे. सुरळी उलगडण्याचे काम माझ्याकडेच राहावे म्हणून मी ती काखेत घट्ट धरून दारात चपला काढते आहे, शक्य तितक्या सावकाश.