साहेबांची तब्येत, देशाचं पथ्य

अभिनंदन साहेब! शपथ झाली, हार झाले, जेसीबीतून फुलं उधळून झाली. आता कारभार. सचिव फायली आणतील, तज्ज्ञ आकडे आणतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. राज्य चालवायला लागतं ते सगळं तुमच्यापाशी आहेच: तुमची तब्येत, तुमचे केस, तुमचे दात.

विश्वास बसत नसेल तर तुर्कमेनिस्तानच्या सापरमुरात नियाझोव यांचा कित्ता गिरवा. १९९१ मध्ये देश सोव्हिएत संघातून सुटला आणि १९९९ मध्ये संसदेने त्यांना तहहयात अध्यक्ष करून टाकलं. मतदारांच्या पाया पडण्याची कटकटच मिटली.

१९९७ मध्ये त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि सिगारेट सुटली. लगोलग मंत्र्यांचीही सोडवण्यात आली. आपल्याकडे घरात एकाला मधुमेह झाला की सगळ्यांच्या चहातली साखर जाते, तसंच. घर तेवढं देशाएवढं. पुढे साहेबांचे पांढरे केस काळे झाले. तुम्ही-आम्ही कलप लावला तर फार तर उशीचा अभ्रा खराब होतो. तिथे भिंतीभिंतीवरच्या तसबिरी बदलाव्या लागल्या.

आईचं मात्र वेगळं. बाप महायुद्धात गेला, आई १९४८ च्या अश्गाबातच्या भूकंपात. अनाथ पोराला आई आठवणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण पोराच्या हाती राजपत्र असलं की २००२ मध्ये एप्रिल महिन्याचंच नाव आईच्या नावावरून गुर्बानसोल्तान होतं. जानेवारी अर्थातच साहेबांच्या स्वतःच्या नावे. आवक-जावक वहीसमोर बसलेला कारकून डोळ्यांपुढे आणा: सवयीने ‘एप्रिल’ लिहितो, दचकून खोडतो, इकडेतिकडे बघतो आणि खाडाखोड दिसू नये म्हणून पानच फाडतो. असा कारकून तयार झाला की समजा, प्रशासनावर तुमची पकड बसली.

लिहायची हौस असेल तर लिहा. साहेबांनी ‘रुहनामा’ लिहिला आणि गाडीचा परवाना हवा असेल तर त्याचा अभ्यास सक्तीचा झाला. क्लच राहिला तरी चालेल! पुतळाही सोन्याचा आणि सूर्याबरोबर फिरणारा. आपल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स अजून एकाच जागी उभे असतात, हे मागासलेपण तुमच्या कारकिर्दीत संपावं.

२००५ मध्ये राजधानीबाहेरची इस्पितळं बंद करण्याचं फर्मान निघालं. आजारी पडलात तर अश्गाबातला या. बैठकीत कुणी ‘पण साहेब...’ म्हणालं असेल का? छे. ‘पण’ म्हणणारे एव्हाना घरी बसलेले असतात, किंवा कोठडीत.

राहिले दात. २००४ मध्ये साहेबांनी तरुणांना सांगितलं, सोन्याचे दात बसवू नका. कुत्र्याच्या पिल्लांसारखी हाडं चघळा, दात मजबूत होतील. त्या वेळचे आरोग्यमंत्री गुर्बानगुली बेर्दीमुहामेदोव हे स्वतः दंतवैद्य, साहेबांचे दातही तेच बघायचे. वर्षानुवर्षं साहेबांचा आ त्यांनी जवळून पाहिला, स्वतःचा मात्र मिटून ठेवला.

डिसेंबर २००६ मध्ये साहेबांचं हृदय बंद पडलं. पुढचे अध्यक्ष हेच दंतवैद्य. त्यांनी २००८ मध्ये एप्रिलला पुन्हा एप्रिल केलं. फिरता पुतळा राजधानीच्या मध्यातून हलवून शहराबाहेर नेला. आणि २०१५ मध्ये आपला स्वतःचा पुतळा उभारला: सोन्याने मढवलेला, घोड्यावर बसलेला.