टीव्हीवरच्या शिवीची तक्रार करून काही होत नाही? होतं.

गेले काही दिवस ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या वसंत विहारच्या ग्रुपवर तो तीनदा आला. थोडक्यात तो असा: टीव्हीला सेन्सॉर नाही, त्यामुळे कायदाही नाही, सुप्रीम कोर्टानंच 2024 साली शिव्यांना परवानगी दिली, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 1909 वर फोन केला तरी कोणी दाद देत नाही, चॅनलकडे तक्रार म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि एकट्यादुकट्यानं लिहून काय होणार, रिमोट तुमच्या हातात आहे, चॅनल बदला.

वाचून मला वाईट वाटलं. तो पाठवणारी माणसं भली आहेत, शिव्यांना वैतागलेली आहेत, आणि हा मेसेज त्यांनाच हात टेकायला सांगतोय.

कायदा नाही, हे साफ चूक. मालिका किंवा विनोदी कार्यक्रम दाखवण्याआधी सेन्सॉर बोर्डाकडे जात नाहीत, एवढंच खरं. पण 1995 चा केबल टीव्ही कायदा आहे आणि त्याखाली कार्यक्रम संहिता आहे. त्या संहितेच्या नियम 6 मधलं पहिलंच कलम सांगतं की अभिरुची आणि सभ्यतेला धक्का देणारा कार्यक्रम दाखवता येणार नाही. पुढे असंही आहे की मुलांना योग्य नसलेले कार्यक्रम सर्वात जास्त मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळी लावायचे नाहीत. मला हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात शब्दावर बंदी नाही, वेळेचं भान आहे. दलित कवितेत शिवी येते तेव्हा ती तिथे हवीच असते. दुपारी अडीचला सहा वर्षांच्या पोरासमोर ती नको.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर तो निकाल 19 मार्च 2024 चा, एका वेबमालिकेच्या खटल्यातला. प्रश्न होता फौजदारी गुन्ह्याचा: माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली ही भाषा ‘अश्लील’ ठरते का? कोर्ट म्हणालं, नुसती शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे. मला तो निकाल पटतो. पण केबल टीव्हीच्या संहितेचा तिथे प्रश्नच नव्हता. शिवी दिली म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नका, हे एक. ती घराघरात भरदुपारी ऐकवा, हे दुसरं. पहिल्यातून दुसरं निघत नाही.

1909 हा नंबर नको असलेले फोन आणि एसएमएस बंद करण्यासाठी आहे. ट्राय चॅनलचे दर, पॅक, केबलवाल्याची सेवा यांचं बघतं. कार्यक्रमात काय बोललं गेलं हे त्यांच्या अखत्यारीत येत नाही. तिथून दाद मिळाली नाही याचं कारण दार चुकलं, इतकंच.

आता चॅनलकडे तक्रार करण्याबद्दल. हा मुद्दा मी अनुभवानं सांगू शकते. एका रविवारी आई आणि माझा भाचा एका विनोदी कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण बघत होते. आईवरून दिलेली शिवी आली. बीप वाजला, पण उशिरा. पहिला अर्धा शब्द स्वच्छ ऐकू आला आणि उरलेला ओठांवर दिसला. संध्याकाळी लिफ्टपाशी भाच्यानं आमच्या वॉचमनकाकांना हसत हसत तोच शब्द ऐकवला, अगदी पूर्ण. काकांनी मान खाली घातली. मी त्यांची माफी मागितली आणि रात्री बसून चॅनलला लिहिलं: कार्यक्रमाचं नाव, तारीख, दुपारी 2 वाजून 40 मिनिटं, ते वाक्य, आणि मुलं घरी असण्याची ही वेळ आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी पोच आली. तेराव्या दिवशी उत्तर आलं की पुढच्या प्रक्षेपणांत तो शब्द पूर्ण गाळला जाईल. मी पुढचं प्रक्षेपण मुद्दाम बघितलं. गाळला होता.

ही त्यांची मेहेरबानी नव्हती. 17 जून 2021 ला केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून चॅनलनं 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निर्णय कळवायचा आहे. पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत स्वनियमन संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच मिळून उभारलेल्या संस्थेकडे, अपील. तिला 60 दिवसांची मुदत. मनोरंजन वाहिन्यांसाठीची ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल 2011 पासून आहे, अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती असतात. त्यानंतरही समाधान नसेल तर माहिती व प्रसारण मंत्रालय. म्हणजे किल्ल्या एकट्या चॅनलच्या हाती नाहीत. याच मंत्रालयानं मे 2013 मध्ये कॉमेडी सेंट्रल हे चॅनल 10 दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला होता, आणि कारण होतं कार्यक्रमांतली अश्लील भाषा. गल्लीतल्या केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलवर काही आलं, तर दिल्लीही गाठायला नको: कायद्यानं जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत. आपलं जिल्हाधिकारी कार्यालय कोर्ट नाक्यावर आहे.

एकट्याच्या तक्रारीबद्दल वेगळं काय सांगू? माझी एकटीचीच होती.

आणि रिमोट. तो हातात असला तरी शब्द कानावर पडून गेल्यावरच बटण दाबलं जातं. आमच्याकडे तर तो भाच्याच्या हातात होता आणि आई पुढ्यात मटारच्या शेंगा घेऊन सोलत होती. ज्या घरात आजी नातवंडं सांभाळते, तिथे दिवसभर रिमोट धरून पहारा कोण देणार?

ग्रुपवर हे लिहिल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, त्यांनी वेळ टिपून ठेवली नव्हती, आता काय? प्रक्षेपित केलेलं सगळं चॅनलला 90 दिवस जपून ठेवावं लागतं. तारीख आणि कार्यक्रम पक्का आठवत असेल तर अंदाजे वेळ लिहा, पण आजच लिहा. काकूंचा कार्यक्रम तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला. काल संध्याकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही दोघींनी मिळून तक्रार लिहिली, आणि सकाळी त्यांच्या फोनवर पोच आलेली होती.