‘सल्फो-एसएमसीसी बोगस आहे’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक तारा परवा रात्री बघितला. तुम्ही लिहिलंय, “सल्फो-एसएमसीसी बोगस. दोनदा लावलं, पेप्टाइड केएलएचला जोडलंच नाही. डबा आला तेव्हा बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. फोन केला तर मालक म्हणाले तुमचंच काहीतरी चुकलंय. सोलापुरात केमिकल घेऊ नका, पुण्याहून मागवा.”

इतर वाचकांसाठी: सल्फो-एसएमसीसी म्हणजे पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) केएलएच या मोठ्या प्रोटीनला जोडणारं रसायन.

आधी फोनचं. मी तसं बोलायला नको होतं. काउंटरवर गर्दी होती, पण गर्दी माझी, तुमची नव्हे. तुमचं नीट ऐकून न घेताच मी निकाल देऊन टाकला. चुकलो.

डब्याचंही खरं आहे. मेचा शेवटचा आठवडा, पारा चाळिशीच्या वर, आणि आमच्या पोरानं आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतली दोन कामं उरकून मग तुमची लॅब गाठली. थंड माल सगळ्यात आधी पोचवायचा, एवढी साधी गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. पिशव्या वितळल्या त्या आमच्यामुळे.

पण माल बोगस नव्हता, आणि हे मी अंदाजानं म्हणत नाही. त्याच डब्यातली दुसरी सीलबंद व्हायल (छोटी बाटली) तुम्ही परत पाठवली होती. ती ओळखीच्या लॅबमध्ये नेऊन रसायनाची दोन्ही टोकं तपासून घेतली. हे इतर वाचकांसाठी जरा उलगडून सांगतो, कारण दुकानात रोज कोणीतरी हेच विचारतं. सल्फो-एसएमसीसीला दोन तोंडं असतात. एक एनएचएस एस्टरचं, ते प्रोटीनवरच्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमाइन गट धरतं. दुसरं मॅलिमाइडचं, ते पेप्टाइडच्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा थायोल (गंधकाचा गट) धरतं. मध्ये ८.३ अँगस्ट्रॉमचा दांडा. एनएचएसच्या बाजूसाठी थोडं द्रावण घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं. २६० नॅनोमीटरचं शोषण चांगलं चढलं, म्हणजे एस्टर तोवर शाबूत होता. आधीच मेलेला असता तर आकडा जागचा हलला नसता. मॅलिमाइडसाठी मोजून सिस्टीन घेतलं, त्यात आपलं रसायन जास्तीचं घातलं, आणि मग एलमनचं रिएजंट, जे मोकळा थायोल भेटला की पिवळं होतं. पिवळा रंग आला नाही, म्हणजे थायोल सगळा खपला होता. सुकी, बंद पूड एका दुपारच्या उन्हानं मरत नाही हो. तिला मारतं ते पाणी.

आता तुमच्या ई-मेलमधला प्रोटोकॉल. तुम्ही तो पाठवलात याबद्दल आभार. बहुतेक जण पाठवत नाहीत, नुसते भांडतात.

पहिल्या वेळी केएलएचची बाजू अगदी बरोबर केलीत. पीबीएस बफर, पीएच ७.२, अर्धा तास, मग डीसॉल्टिंग कॉलममधून (त्यात छोटे रेणू मागे राहतात) जास्तीचं काढून टाकलं. ट्रिस किंवा ग्लायसीन कुठं नाही, म्हणजे फुकटचा अमाइन मध्ये आला नाही. घोळ पेप्टाइडच्या बाजूला आहे. सिस्टीन आपसात जोडून डायसल्फाइड झाले असतील, म्हणून ते जोड तोडणारं डीटीटी तुम्ही घातलंत. विचार योग्यच. पण तेच मिश्रण तसंच केएलएचवर ओतलंत. डीटीटीच्या एका रेणूत दोन थायोल, रेणू इवलासा, आणि घातलेला पेप्टाइडच्या कितीतरी पट. तुमचं पेप्टाइड पोचेपर्यंत मॅलिमाइडच्या सगळ्या जागा त्यानं अडवल्या.

बरं, ते काढायचं म्हटलं तरी सोपं नाही. तुमचं पेप्टाइड १५ अमिनो आम्लांचं. ५ ते ७ हजार डाल्टनच्या कटऑफच्या कॉलममधून ते आणि डीटीटी दोन्ही मागेच रेंगाळणार, वेगळे होणार नाहीत. यासाठी डीटीटीचंच काम करणारं, पण मण्यांना बांधलेलं टीसीईपी मिळतं: पेप्टाइड त्यावर फिरवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं घ्या. त्याच्याही आधी एलमन लावून बघा. पेप्टाइड नवं, सुकं असेल तर थायोल बऱ्याचदा मोकळाच असतो आणि रिड्यूस करायची (जोड तोडायची) गरजच पडत नाही.

दुसऱ्या वेळी तुम्ही डीटीटी घातलं नाहीत, पण सल्फो-एसएमसीसीचं उरलेलं द्रावण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वापरलंत. पीएच ७ आणि ० अंशालाही एनएचएस एस्टर ४-५ तासांत निम्मा होतो, पीएच ८.६ ला, ४ अंशांवर, १० मिनिटांत. सकाळी बाटलीत फारसं काही उरलेलं नव्हतं.

माझ्या वडिलांचं दुकान रंगांचं होतं, पूर्व भागात, चादरी आणि टॉवेलवाल्यांसाठी. रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते सुतावर नुसते बसत नाहीत, सोडा पडला की सुताशी कायमचे जोडले जातात. पण सुताऐवजी पाण्याशीच जोडला गेलेला रंग धुण्यात निघून जातो. वडील गिऱ्हाइकाला बजावायचे, सोडा घालून ठेवलेला रंग उद्यावर टाकू नका. तुमची बाटली बघून मला तेच आठवलं. रसायन वेगळं, पण पाण्याची खोड तीच.

यातही आमचा वाटा आहे. व्हायलवर आम्ही फक्त ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असा कागद चिकटवला होता. तो वाचून कोणालाही वाटेल की द्रावणसुद्धा फ्रीजमध्ये टिकतं. नवा कागद मराठीत छापून घेतला आहे: पूड उणे २० ला, सिलिका जेलच्या पिशवीसह, कोरडी, द्रावण लागेल तेवढंच, त्याच वेळी.

तुमचं खरं नुकसान पेप्टाइडचं झालं. ते आमच्या व्हायलपेक्षा महाग होतं हे मला ठाऊक आहे, आणि ते मी भरून देऊ शकत नाही. सल्फो-एसएमसीसीच्या दोन व्हायल आणि थोडं एलमन रिएजंट मात्र बिनपैशाचं देतो, डबा आणि फोन या दोन्हींपोटी. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. एक तारा राहू दे, फक्त ‘बोगस’ या शब्दाचं बघा.

आणि पुण्याचं म्हणाल तर मॅडम, मीही पुण्याहूनच मागवतो. अडीचशे किलोमीटर ते बर्फात नीट येतं. घोटाळा झाला तो शेवटच्या आठ किलोमीटरांत.

सोमवारी सकाळी दहाच्या आत मी स्वतः घेऊन येतो. व्हायल फ्रीझरमधून काढल्यावर लगेच उघडू नका, अर्धा तास टेबलावर राहू द्या. पाऊस सुरू झालाय. थंड काचेवर दव धरतं आणि झाकण काढलं की ते आत जातं.

— दुकानमालक, सोलापूर